बाबांचे ऑक्सिजनचे मशीन रात्री बंद ठेवू नका

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. फुप्फुसांच्या जुन्या आजारामुळे डिसेंबरअखेरीस डॉक्टरांनी त्यांना घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर ठेवायला सांगितले. ते रोज पंधरा तास चालते. पूर्वी आमचे लाईटबिल सातशे-साडेसातशेच्या पुढे जात नसे. जानेवारी ते एप्रिल कोणी रीडिंग घ्यायला आले नाही, सरासरी ८८ युनिटांची बिले आली आणि ती आम्ही वेळेवर भरली. मे महिन्यात मात्र एकदम १८,४०० रुपयांचे बिल आले आहे. माझे पती टेम्पो चालवतात, एवढी रक्कम आमच्याकडे नाही. परवापर्यंत भरले नाही तर वायर काढू, असे वायरमन सांगून गेला. मोबाइलवर दोन मेसेजही आले आहेत. बिल माझ्या दिवंगत सासूबाईंच्या नावावर आहे, म्हणून तुम्हाला तक्रार करता येणार नाही, असे कार्यालयात सांगितले. भीतीपोटी गेले दहा दिवस मी रात्री सगळे झोपल्यावर दोन तास मशीन बंद ठेवते. हे घरात कोणालाही माहीत नाही. घरात आजारी माणूस असताना लाईट तोडता येते का? आणि यापुढचे बिल आम्ही कसे भरायचे?

– एक वाचक

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात कायद्याचे आणि हिशेबाचे बरेच प्रश्न आहेत, त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण रात्रीच्या त्या दोन तासांबद्दल आधी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. कृपा करून आज रात्रीपासून मशीन बंद ठेवू नका. अशा आजारात घरी दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनचा खरा उपयोग तो दिवसातून किमान पंधरा तास मिळाला तरच होतो, आणि झोपेत श्वास उथळ होऊन रक्तातला ऑक्सिजन आणखी खाली जातो, त्यामुळे रात्रीचे तास हे त्या पंधरा तासांमधले सर्वांत महत्त्वाचे असतात. तुमच्या मशीनच्या मागच्या पट्टीवर ३५० वॅट लिहिलेले तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसते. दोन तासांत ते पाऊण युनिटही खात नाही. तुमच्या बिलावरच्या दराने हे फार तर नऊ रुपये होतात. बाबांच्या श्वासाच्या बदल्यात तुम्ही रोज नऊ रुपये वाचवत होतात, हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. बिलावरचा आकडा इतका मोठा आणि त्याचा हिशेब इतका अंधारात होता की, त्यात नेमके काय महाग आहे हे तुम्हाला कोणी दाखवलेच नाही. गेल्या दहा दिवसांची गोष्ट डॉक्टरांना मात्र जरूर सांगा आणि बाबांची तपासणी करून घ्या. तुमच्या पतींनाही सांगा. हे ओझे एकटीने वाहण्याचे नाही.

आता ते दोन मेसेज. त्यांपैकी एकात ‘आज रात्री साडेनऊ वाजता तुमचा वीजपुरवठा बंद होईल, ताबडतोब या अधिकाऱ्याशी संपर्क साधा’ असे लिहून एक दहा आकडी मोबाइल क्रमांक दिला आहे. हा मेसेज फसवणुकीचा आहे. गेली काही वर्षे देशभर अशाच मजकुराने लोकांना घाबरवून, फोनवर एखादे अॅप उतरवायला लावून बँकेतले पैसे काढून घेतले जात आहेत. त्या क्रमांकावर फोन करू नका, आणि केला असेल तर आधी बँकेला कळवा, नंतर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. दुसरा मेसेज कंपनीचा दिसतो, कारण त्यात तुमचा बारा आकडी ग्राहक क्रमांक आहे, बिलाची रक्कम आहे आणि कोणाचाही वैयक्तिक मोबाइल क्रमांक नाही. तो नोटीस म्हणून धरला जाऊ शकतो, म्हणून तो पुसू नका, त्यावरची तारीख वहीत लिहून ठेवा. पुढचे सगळे त्या तारखेपासून मोजायचे आहे.

वीज तोडण्याचा अधिकार कंपनीला विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ ने दिला आहे, आणि त्याच कलमाने त्या अधिकाराला वेसणही घातली आहे. पहिली गोष्ट अशी की, बिल थकले तरी किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय पुरवठा तोडता येत नाही. ‘पूर्ण’ म्हणजे नोटीस मिळाल्याचा दिवस आणि तोडण्याचा दिवस सोडून मधले पंधरा दिवस. तुमच्या मेसेजवरच्या तारखेला अजून चारच दिवस झाले आहेत. तेव्हा ‘परवा वायर काढू’ हे वायरमनचे बोलणे कायद्यात बसत नाही. त्याच्याशी भांडू नका. तो वरून आलेली यादी घेऊन फिरत असतो आणि वसुलीचा ताण त्याच्यावरही असतो. नोटिशीची तारीख दाखवा आणि एवढेच सांगा की आम्ही बिलावर लेखी हरकत घेतली आहे.

ही लेखी हरकत कलम ५६ मधल्या दुसऱ्या, फारच थोड्या लोकांना माहीत असलेल्या तरतुदीसाठी आवश्यक आहे. बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहकाने ‘निषेध नोंदवून’ दोहोंपैकी जी रक्कम कमी असेल ती भरावी: एकतर मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने दर महिन्याला येणारी रक्कम. ती भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. तुमची सहा महिन्यांची सरासरी साधारण ७४० रुपये येते. म्हणजे १८,४०० रुपये आज उभे करता आले नाहीत म्हणून बाबांचे मशीन थांबावे, असा कायदा नाही. एक खुलासा येथेच करायला हवा: ही रक्कम भरल्याने उरलेली बाकी माफ होत नाही, फक्त वाद मिटेपर्यंत पुरवठ्याला संरक्षण मिळते. यातली बरीच वीज तुम्ही खरोखर वापरली आहे आणि तिचे पैसे द्यावेच लागतील. किती, हा प्रश्न आहे.

त्या ‘किती’वर मी रविवारचा अर्धा दिवस घालवला, कारण माझ्या मते तुमच्या पत्राचे खरे उत्तर तेथेच आहे. बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग यांतला फरक १,२३५ युनिटांचा आहे, आणि तो मे महिन्याचा नसून जानेवारी ते मे अशा पाच महिन्यांचा आहे. पाचाने भागल्यास महिन्याला २४७ युनिट येतात. आता हा आकडा खरा वाटतो का ते पाहू. मशीन ३५० वॅटचे, रोज पंधरा तास, म्हणजे दिवसाला सव्वापाच युनिट आणि महिन्याला १५७. तुमचा जुना वापर ८८ ते ९० युनिटांचा होता. दोहोंची बेरीज जवळजवळ तंतोतंत २४७ होते. त्यामुळे मीटर वेगाने पळतो ही तुमच्या शेजाऱ्यांनी घातलेली शंका मला बरोबर वाटत नाही, आणि मीटर तपासणीच्या वादात शिरून तुम्ही वेळ आणि पैसा घालवू नये असे मी सुचवेन. मनाचे समाधान हवे असेल तर दिवसा, बाबा मशीनवर नसताना, दोन मिनिटे मेन स्विच बंद करून मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबतो का ते पाहा, आणि नंतर मेन स्विच चालू करून फक्त सगळी उपकरणे बंद ठेवून तेच पाहा. दुसऱ्या वेळी दिवा लुकलुकत राहिला तर घरातल्या वायरिंगमध्ये वीज गळत असावी, आणि मग वायरमन नव्हे तर खासगी इलेक्ट्रिशियन बोलवावा लागेल.

चूक आहे ती टप्प्यांच्या हिशेबात. आपल्याकडे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी दर, १०१ ते ३०० ला त्याच्या दुपटीच्या घरातला, पुढे ५०० पर्यंत आणखी जास्त आणि त्यानंतर सर्वांत महाग. दर महिन्याला २४७ युनिट धरले तर तुमचा वापर एकाही महिन्यात तिसऱ्या टप्प्यात जात नाही. पण तुमच्या बिलात सगळे १,२३५ युनिट एकाच महिन्यात जाळल्यासारखे धरले आहेत, त्यामुळे त्यांतले सातशेहून अधिक युनिट सर्वांत महाग दराने लागले. पाच महिन्यांत विभागून, तुमच्याच बिलावर छापलेल्या दरांनी, स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून मी हिशेब केला, आणि चार महिने भरलेल्या सरासरी बिलांची रक्कम त्यातून वजा केली. बाकी साधारण १०,७०० रुपये उरते. म्हणजे सुमारे ७,७०० रुपये तुमच्याकडून जास्तीचे मागितले जात आहेत. रीडिंग घेतली न गेल्याने साचलेल्या युनिटांना टप्प्यांचा लाभ महिनावार विभागून द्यावा लागतो. तो देण्यासाठी बिल दुरुस्त होते. मात्र बहुतेक वेळा कोणीतरी अर्ज केल्याशिवाय होत नाही, असा माझा ग्राहक मदत केंद्रावरचा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

येथे एक गैरसमज दूर करते, कारण पत्रात तुम्ही लिहिले आहे की १०१ वे युनिट पडू नये म्हणून तुम्ही महिनाअखेरीस फ्रिज बंद ठेवता. महाग दर फक्त शंभराच्या वरच्या युनिटांना लागतो, आधीच्या शंभरांना नाही. फ्रिज सुरू ठेवा; बाबांची औषधे त्यात आहेत.

आता अर्ज. उपविभागीय कार्यालयात, सहायक अभियंता किंवा उपकार्यकारी अभियंता यांच्या नावाने, साध्या कागदावर मराठीत लिहिलेला चालतो. वर ग्राहक क्रमांक आणि बिलाची तारीख घाला. जानेवारी ते एप्रिल चार महिने रीडिंगशिवाय सरासरीने बिले आली आणि ती सर्व भरली, हे पावत्यांच्या तारखांसह लिहा. केंद्र सरकारच्या विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम २०२० प्रमाणे एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा अधिक वेळा अंदाजे बिल देता येत नाही, हे नमूद करा. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च मिळूनच ती मर्यादा ओलांडली गेली आहे. त्यानंतर तुमच्या मागण्या स्पष्टपणे मांडा: १,२३५ युनिट पाच महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ द्यावा, आधी भरलेल्या रकमेची वजावट दाखवावी, विलंब आकार आणि व्याज लावू नये, आणि दुरुस्त झालेली रक्कम हप्त्यांनी भरू द्यावी. शेवटी लिहा की कलम ५६ च्या तरतुदीनुसार सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम आम्ही निषेध नोंदवून भरत आहोत. जमेल तर ७४० ऐवजी दोन-अडीच हजार भरा. कायदा तेवढे मागत नाही, पण खरी बाकी तेवढ्याने हलकी होते आणि पुढे ग्राहक तक्रार निवारण मंचासमोर जावे लागले तर तुमचा प्रामाणिकपणा कागदावर दिसतो.

अर्जाला डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा. त्यात रुग्णाचे वय, आजार, रोज किती तास ऑक्सिजन लागतो आणि तो खंडित झाल्यास जिवाला धोका आहे, हे स्पष्ट असावे. येथे तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर मला मन घट्ट करून द्यावे लागते. कलम ५६ मध्ये ‘घरात यंत्रावर जगणारा रुग्ण असल्यास वीज तोडू नये’ असे एकही वाक्य नाही. त्यामुळे प्रमाणपत्र हे कवच नाही. पण ते अर्जाला जोडलेले असेल, तर पुढे कोणीही अधिकारी ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे म्हणू शकत नाही, आणि मंच तातडीचा आदेश देताना त्याकडेच आधी पाहतो.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. शिक्का द्यायला कोणी टाळाटाळ केली तर तोच अर्ज त्याच दिवशी रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि विजेच्या तक्रारींसाठीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. तोंडी आश्वासनावर परत येऊ नका. ‘होईल, बघतो’ हे शब्द मी इतक्यांदा ऐकले आहेत, आणि त्यानंतर लाईट गेलेली इतकी घरे पाहिली आहेत, की या बाबतीत मी तुम्हाला हट्टी व्हायलाच सांगेन.

तक्रार करणारी मी कोण, हा जो प्रश्न तुम्हाला कार्यालयात विचारला गेला, त्याचे उत्तर कायद्याच्या व्याख्येतच आहे. कलम २ मधल्या ‘ग्राहक’ या व्याख्येत, ज्याच्या जागेला वीजजोडणी आहे अशी व्यक्तीही येते. ज्या घरात तुम्ही राहता आणि ज्याचे बिल तुम्ही भरता, त्या घराच्या विजेबद्दल तुम्ही तक्रार करू शकता. सासूबाईंच्या नावाची अडचण त्यात येत नाही. तरीही नाव बदलून घ्याच, पण स्वतंत्र अर्जाने. दोन्ही विषय एकाच कागदावर आणले की एकासाठी दुसरा अडवला जातो. नावबदलासाठी मृत्यूचा दाखला, घराचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागते. तो अर्ज बाबांच्या नावाने करणे सर्वांत सोपे पडेल.

कार्यालयाने अर्ज फेटाळला, किंवा नोटिशीचे पंधरा दिवस संपत आले तरी उत्तर आले नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. वितरण कंपनीने असा मंच स्थापन केलाच पाहिजे, असे कलम ४२ सांगते. त्याचा पत्ता बिलाच्या मागे किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. वकील लागत नाही. मोठ्या बहिणीसारखे कोणी सोबत असले की पुरते. मूळ तक्रारीबरोबरच पुरवठा तोडू नये असा अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मागा, आणि ती मागणी पहिल्याच परिच्छेदात, डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचा उल्लेख करून लिहा. मंचाचा निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत. याशिवाय, स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक मदत मिळते. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीत जाऊन अर्ज लिहून घेण्यासाठीसुद्धा तुम्ही तिचा उपयोग करू शकता.

एक कळकळीची सूचना: हे सगळे चालू असताना काही कारणाने पुरवठा तुटलाच, तर शेजाऱ्याकडून वायर ओढू नका आणि आकडा तर मुळीच टाकू नका. आकडा ही कलम १३५ खाली चोरी आहे, आणि एका घरासाठी दिलेली वीज दुसऱ्या घरात वापरणे कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकते, ज्याची आकारणी दुप्पट दराने होते. त्यात बिचारा शेजारीही अडकतो. अशा वेळी बाबांना आधी सिलिंडरवर घ्यायचे आणि लगेच कार्यालय गाठायचे.

सिलिंडर मात्र आजच घरात आणून ठेवा, कारण बिल भरलेल्या घरातही पावसाळ्यात तारा तुटून वीज जातेच. हातात उचलता येणाऱ्या ‘बी’ प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. बाबांना मिनिटाला दोन लिटर लागत असल्यास तो बारा तासांच्या आसपास पुरतो. अनेक गावांत सेवाभावी संस्था अनामत रक्कम घेऊन असे सिलिंडर देतात. तो जोडायचा कसा आणि किल्ली कोठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या. इन्व्हर्टरवर तुम्ही विसंबू नये असे मला वाटते, कारण १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरीही असे मशीन तीन-चार तासच ओढते.

आता पुढच्या महिन्यांचे बिल. हे मशीन आहे तोवर तुमचे खरे बिल साधारण २,७०० रुपयांचे राहील, ते ७५० वर परत येणार नाही, हे मनाशी आधी मान्य करायला हवे. मशीनच्या १५७ युनिटांना हात लावायचा नाही, तेव्हा कपात उरलेल्या ९० मधूनच करावी लागेल. त्यात सर्वांत मोठा वाटा मला बाबांच्या खोलीतल्या जुन्या पंख्याचा दिसतो. तो ७५ वॅटचा आहे आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणे दिवसाचे अठरा तास फिरतो. म्हणजे महिन्याला चाळीस युनिट. त्याच्या जागी तीस वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावला तर सोळा-सतरा युनिट लागतील. वाचणारी चोवीस युनिटे महाग टप्प्यातली असल्याने शुल्कासह महिन्याला तीनशे रुपये वाचतात, आणि पंख्याची किंमत वर्षभरात वसूल होते. घरातले सगळे पंखे बदलण्याची गरज नाही, हा एकच बदला. आंघोळीच्या पाण्याचा रॉड १५०० वॅटचा असतो आणि अर्ध्या तासाला पाऊण युनिट घेतो. चुलीवर किंवा उन्हात पाणी तापवता येत असेल तर तेवढे वाचेल. मशीनची जाळी दर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावा, ती तुंबली की मशीन तापते आणि त्यातून मिळणारा ऑक्सिजनही घटू शकतो. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरल्यास मिळणारी तत्पर भरण्याची सवलत लहान असली तरी सोडू नका. रीडिंग घ्यायला कोणी आले नाही तर मीटरचा फोटो काढून कंपनीच्या अॅपवरून रीडिंग स्वतः पाठवा. साचलेल्या बिलाचा हा प्रसंग पुन्हा येऊ न देण्याचा तोच सर्वांत साधा मार्ग आहे.

रेशनकार्डाबद्दल तुम्ही विचारले आहे. दारिद्र्यरेषेखालील घरांसाठी सवलतीचा वीजदर आहे, पण तो वर्षाला ३६० युनिटांपर्यंत, म्हणजे महिन्याला ३० युनिट वापरणाऱ्यांसाठी. बाबांचे मशीन एकटेच ही वर्षाची मर्यादा अडीच महिन्यांत संपवते. गरीब कोण हे कमी वीज वापरण्यावरून ठरवायचे, आणि आजारपणामुळे वापर वाढला की त्याच घराला श्रीमंत समजून वरच्या टप्प्याचा दर लावायचा, हे मला अन्यायाचे वाटते आणि ते मी येथे स्पष्ट लिहिते. ब्रिटनमध्ये वैद्यकीय उपकरणांवर अवलंबून असलेल्या आणि वृद्ध ग्राहकांची वेगळी नोंदवही वीज कंपन्यांना ठेवावी लागते; फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या थंडीच्या काळात थकबाकीसाठी घरांची वीज तोडता येत नाही. आपल्याकडे नेमक्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाळा तापू लागतो तेव्हा, वर्षअखेरीच्या वसुलीची मोहीम जोरात असते. कंपन्यांनी थकबाकी वसूल करू नये असे माझे म्हणणे नाही. वसूल न झालेल्या पैशांचा भार शेवटी वेळेवर भरणाऱ्यांच्या दरावरच पडतो. पण घरी ऑक्सिजन किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णांची नोंद प्रत्येक उपविभागात असावी, त्या घरी वायरमनऐवजी आधी अधिकाऱ्याने जावे, आणि रुग्णाच्या उपकरणापुरती युनिटे खालच्या टप्प्याच्या दराने मिळावीत, एवढे मागणे अवास्तव नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग दर ठरवण्यापूर्वी नागरिकांच्या लेखी सूचना आणि हरकती मागवतो. पुढची जाहीर सूचना निघेल तेव्हा तुमचे पत्र, नाव-गाव काढून, हरकतीसोबत जोडण्याची परवानगी मला द्याल का?

छतावरच्या सौर पॅनेलचा विचार आता करू नका, सहा महिन्यांनी करा. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,००० आणि दोन किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान आहे, आणि एक किलोवॅटचे पॅनेल महिन्याला शंभर-एकशेवीस युनिट देते, त्यामुळे तुमच्यासारख्या घराला ते खरोखर फायद्याचे ठरेल. पण त्याआधी मीटर बाबांच्या नावावर यायला हवा आणि जुनी बाकी मिटायला हवी. आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत: बॅटरी नसलेले असे पॅनेल बाहेरची वीज गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद पडते, मग डोक्यावर कितीही ऊन असो. तेव्हा सौर पॅनेल बसवल्यावरही सिलिंडर घरात हवाच.

उद्या सकाळी कार्यालय उघडताच अर्ज देऊन या. शिक्का मिळालेल्या प्रतीची आणि पैसे भरल्याच्या पावतीची झेरॉक्स काढा आणि ती मीटरजवळच्या भिंतीवर, हाताशी येईल अशा उंचीवर चिकटवा. तुम्ही दोघे कामावर असताना वायरमन आला, तर बाबांना बोलून दम लागू नये. त्यांनी फक्त त्या कागदाकडे बोट दाखवावे.